गाडी गिअरमध्ये उभी होती

नाव अंकुर वामन भोईटे, वय २२, शिक्षण नववी, धंदा ट्रकचे वायरिंग काम, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, सध्या काकांच्या घरी, पंचकुला.

समक्ष हजर राहून सांगतो की, मला हिंदी बोलता येते पण बिनचूक लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहून देत आहे.

माझे काका विश्राम भोईटे लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन चंदीगडला ट्रान्सपोर्ट एरियात ट्रक दुरुस्तीचे दुकान चालवत होते. नववीनंतर त्यांनी मला इकडे आणले.

पिंजौरचे ड्रायव्हर मोहन यांचा जुना ट्रक परवा दुकानासमोर बंद पडला. तिथली जमीन नाल्याकडे उतरती आहे. चावी फिरवली तरी स्टार्टर हूं की चूं करत नव्हता. आज सकाळी काकांनी बॅटरी तपासली, ती ठीक होती. चावीकडून स्टार्टरकडे येणारी तार चेसिसला घासून तुटली होती.

मोहन चहाला जाताना मला म्हणाले, "छोटे उस्ताद, गाड़ी गिअर में खड़ी है, ध्यान रखना." मी "हाँ जी" म्हणालो. काका गाडीखालून म्हणाले, "चहाला चाललाय की वरातीला? दोन कप इकडं पाठव म्हणावं."

आमच्या दुकानात रीत अशी की, चावी फिरवण्याआधी खालचा माणूस "न्यूट्रल?" असे विचारतो व वरचा गिअरचा दांडा हलवून पाहून "न्यूट्रल" असे उत्तर देतो. गिअरमध्ये स्टार्टर मारला तर गाडी उडी घेते. ही रीत काकांनी लष्करातून आणली. माझ्याकडून ती कधी चुकली नाही. आजही चुकली नाही.

हँडब्रेक ओढलेला होता. काका नवी तार जोडून खालीच थांबले होते. त्यांनी विचारले. मी गिअर काढला, दांडा हलवून पाहिला व उत्तर दिले. ते म्हणाले, "मार." स्टार्टर पहिल्याच फटक्यात फिरला, इंजिन सुरू झाले. मला आनंद झाला. त्या आवाजात दुसरे काही ऐकू आले नाही. नाल्याची भिंत जवळ आली तेव्हा गाडी सरकते आहे हे कळले. ब्रेक दाबला. ब्रेक हवेच्या दाबावर चालतो; दोन दिवस उभ्या गाडीत हवा नव्हती, तो लागला नाही. काका चाकाखाली आले. रुग्णालयात काका मृत असल्याचे सांगितले.

त्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही, हे मला नंतर कळले. पहाडातले ड्रायव्हर अशी गाडी गिअरवरच उभी करतात. मोहन यांना ते सांगायचे होते. मला वाटले, न्यूट्रल करायला विसरू नये म्हणून सांगतात.

मोहन काहीच न सांगता निघून गेले, असे काकांच्या पत्नी नलिनीकाकू सर्वांना सांगत आहेत. त्यावरून मोहन यांना इथे पोलीस चौकीत बसवून ठेवले आहे. काकू बाहेर बाकावर आहेत. मी आत येताना म्हणाल्या, "नीट लिही हो अंकुर. तुझं अक्षर चांगलं आहे." मला त्यांच्याच घरी परत जायचे आहे.

वरील मजकूर मी लिहिला, व मोठ्याने वाचून पाहिला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मोहन यांनी मला सांगितले होते, हे वाक्य कोणी म्हटले तरी खोडू नये.

सही
अंकुर वामन भोईटे