कॅप्टन लाइटहाउसच्या पहिल्या पानावरील नावाबाबत

जबाब देणार: कॉन्चेत्ता मारुल्लो, सर्वजण कॉनी म्हणतात. वय ४७ वर्षे, अविवाहित. धंदा नोकरी, क्राउनफिल्ड प्रकाशनाच्या चित्रविभागात दुरुस्तीकाम. राहणार आर्थर ॲव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. तारीख १८ नोव्हेंबर १९६६, शुक्रवार, सकाळी साडेनऊ.

मी स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन, डिटेक्टिव्ह हानराहन यांनी विचारल्यावरून, सांगते की, आमच्या कंपनीचे व्यवस्थापक लिओनार्ड पॉक यांनी काल तक्रार दिली आहे. कॅप्टन लाइटहाउस या चित्रकथेचे पहिले चित्रपान, म्हणजे मायर ड्रोबनिक यांचे पान, टीव्ही स्टुडिओतून चोरीस गेले असे त्यात म्हटले आहे. त्या पानाचे काय झाले ते मला माहीत आहे. याला आमच्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. हे वाक्य जबाबात बसत नाही असे डिटेक्टिव्ह म्हणाले, तरी मी ते ठेवायला सांगितले आहे.

मी १९३८ च्या जानेवारीपासून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून, क्राउनफिल्डमध्ये आहे. चित्रकाराने पान आणून दिले की पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या, शाई सांडली असेल तिथे पांढरा रंग लावायचा, आणि चित्रकाराने कुठे सही केली असेल तर तीही पांढऱ्या रंगाने झाकायची, हे माझे काम. शेवटचा नियम कागदावर कुठे नव्हता. थोरल्या पॉकसाहेबांनी, म्हणजे तक्रारदारांच्या काकांनी, पहिल्या दिवशी ब्रश हातात देऊन सांगितले होते, "पोरी, गोष्ट घेतली ती नावासकट घेतली. आता नाव आपलं." मला त्यात काही वावगे वाटले नाही. घरी पाच धाकटी भावंडे होती आणि काम बसून करायचे होते.

मायर ड्रोबनिकला मी त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रथम पाहिले. वय पंचवीसच्या आसपास, कोटाचे कोपर झिजलेले. बगलेत बारा पाने घेऊन आला होता. छातीतून दीपस्तंभासारखा झोत सोडणारा आणि बुडती जहाजे वाचवणारा कॅप्टन त्या बारा पानांत पुरा होता. थोरल्या साहेबांनी पाने ठेवून घेतली आणि मायरला खिडकीजवळचे टेबल दिले.

आमच्यात काय संबंध होते असे विचारले. एका बाकावर बसून सँडविच खायचो, एवढेच. त्याचे लग्न झालेले होते. तो चित्रात नाव लपवायचा आणि मी शोधून पुसायची. मासळीच्या दुकानाच्या पाटीवर, मोटारीच्या नंबरात, विटांच्या भेगांत, कुठेही असायचे.

"पांढरीबाई, आज चार आहेत," तो म्हणायचा.

"तीन सापडली. चौथं मुकाट्यानं सांग, नाहीतर पान अडवून ठेवीन."

"अडव की. तेवढंच तुझ्या हातून वाचेल बिचारं."

पहिल्या पानावर मात्र त्याने नाव लपवले नव्हते. उजव्या कोपऱ्यात, खाली खडकावर, सरळ लिहिले होते. ते मी झाकले. नियमाप्रमाणे रंगाचे दोन हात द्यायचे असतात, पहिला वाळल्यावर दुसरा. त्या दिवशी मी एकच हात दिला. का, असे डिटेक्टिव्हनी दोनदा विचारले. घाई होती असे लिहावे.

१९४१ साली कॅप्टन रेडिओवर आला. रेडिओवर झोत दिसत नाही, म्हणून त्यांनी जहाजाचा भोंगा घेतला, तो तीनदा वाजायचा. भोंगा इतका गाजला की पुढे मायरला चित्रातही काढावा लागला. पहिल्या कार्यक्रमाला आम्ही सगळे ऑफिसात रेडिओभोवती बसलो होतो. मायर बायकोला घेऊन आला होता, नवा टाय लावून. शेवटी निवेदकाने साबण कंपनीचे नाव घेतले, प्रकाशनाचे घेतले, भोंगा वाजवणाऱ्याचेसुद्धा घेतले.

"संपलं?" मायरच्या बायकोने विचारले.

"थांब, अजून हवामान राहिलंय," मायर म्हणाला.

हवामान झाले आणि सगळे घरी गेले.

१९४७ साली त्याने आपले नाव छापावे अशी लेखी मागणी केली. पुढच्या शुक्रवारी त्याचे टेबल दुसऱ्याला दिले. १९५३ साली कॅप्टन टीव्हीवर आला तेव्हा मायर लाँग आयलंड सिटीत मालमोटारींवर अक्षरे रंगवत होता. अजूनही तेच करतो.

तक्रारीशी याचा संबंध असा. कॅप्टनच्या गोष्टीवरील हक्काची पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांची होती आणि ती येत्या २५ नोव्हेंबरला संपते. पुढच्या मुदतीचा हक्क आपला आहे असा दावा मायरने फेडरल कोर्टात लावला आहे. कंपनीचे म्हणणे असे की कॅप्टन थोरल्या पॉकसाहेबांना मार्च १९३८ मध्ये जेवताना सुचला आणि पगारी नोकर मायरने तो नुसता काढला. कोणाचे खरे, हे दाखवणारा कागद मायरजवळ नव्हता. आमच्याकडे छापून झालेल्या पानांचे यंत्रावर तीन तुकडे करून टाकून देत असत. फक्त मायर ड्रोबनिक यांचे पान वाचले, कारण ते थोरल्या साहेबांनी चौकटीत घालून खोलीत लावले होते.

सप्टेंबरात जेवणाच्या सुट्टीत लिओनार्ड पॉक यांनी एक टंकलेला कागद माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर कोणाचेही नाव अगर तारीख मी कधी पाहिली नाही, असे त्यात शपथेवर लिहिले होते. मी सही केली. सँडविच हातात होते, ते खाली ठेवून केली.

काल, गुरुवारी, सकाळी सात वाजता मी पॉकसाहेबांबरोबर स्टुडिओत गेले. जानेवारीपासून कॅप्टनची रंगीत मालिका सुरू होणार, तिची जाहिरात म्हणून सकाळच्या कार्यक्रमात पहिले पान दाखवायचे होते. पान जुने असल्याने हाताळायला मी, सोबत माझा ब्रश, रंगाची बाटली आणि ब्लेड. आदल्या दिवशीच्या तालमीला कोरा पुठ्ठा वापरला होता. चौकटीची काच चमकते म्हणून दिग्दर्शकाने पान बाहेर काढायला सांगितले. मग म्हणाला, वरून दिवा नको, खालून देऊ, म्हणजे कॅप्टनच्या छातीतला झोत खरोखर उजळेल. खाली दिवे असलेले काचेचे टेबल आणले. आमच्या विभागात असली टेबले सहा आहेत. खालून उजेड दिला की पातळ रंगाखालची शाई दिसते, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक आहे. दिग्दर्शकाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. मी मायर ड्रोबनिक यांचे पान काचेवर ठेवले आणि मागे सरकले.

आठ वाजून वीस मिनिटांनी दिवे लागले. कार्यक्रम थेट जात होता. पॉकसाहेब सोफ्यावर बसून काकांच्या जेवणाची गोष्ट सांगत होते. झोत उजळला तसे लोक "वा" म्हणाले. मग खडकावर अक्षरे उमटू लागली. सूत्रसंचालक वाकला आणि त्याने ती मोठ्याने वाचली.

"इथं काहीतरी लिहिलंय. मायर ड्रोबनिक. ऑक्टोबर एकोणीसशे छत्तीस." मग तो साहेबांकडे वळला. "हे कोण हो?"

ठरल्याप्रमाणे त्याच वेळी भोंगा तीनदा वाजला आणि नाश्त्याच्या मक्याच्या पोह्यांची जाहिरात लागली.

नाव दिसेल याची मी तयारी ठेवली होती. सन मी कधी वाचलाच नव्हता. झाकणारे माणूस वाचत बसत नाही, किती जागा झाकायची ते बघते. मायर आमच्या दारात आला अडतीस साली आणि पानावर सन होता छत्तीस. तो कॅप्टनला घेऊनच आला होता हे मी पाहिले होते, तरी त्याच्याविरुद्ध शपथ घेतली होती, आणि पुरावा अठ्ठावीस वर्षे माझ्याच हाताखाली होता. कोणीतरी खुर्ची दिली.

पॉकसाहेबांनी मला आणि पान दोघांनाही रंगभूषेच्या खोलीत नेले आणि दार लोटले.

"हा काय तमाशा, कॉनी?"

"पान लावा म्हणून तुम्हीच सांगितलंत, साहेब."

"ते नाव नव्हतं. दिव्याची सावली होती. कळलं?"

"सावलीला सन लिहिता येतो?"

"तोंड आवर. ब्लेड आहे ना? तो कोपरा खरवडून काढ. अगदी तळापर्यंत. मग वर दोन हात दे. वकील येतायत, त्यांच्यापुढे कोपरा कोरा पाहिजे."

मी ब्लेडला हात लावला नाही. तेव्हा ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जाग. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत तुझ्या. आणि सप्टेंबरातल्या कागदावर सही तुझी आहे, माझी नाही. खोट्या शपथेला तुरुंग असतो."

ते वकिलांना आणायला गेले. लिओनार्ड पॉक यांना मी ते सात वर्षांचे असल्यापासून पाहते आहे. माझ्या टेबलाशी बसून ते कॅप्टनची चित्रे गिरवायचे. त्यांच्या तोंडातून असे काही ऐकीन असे मला वाटले नव्हते.

मी ब्लेड घेतले आणि कोपरा खरवडायला सुरुवात केली. जुना रंग भिंतीच्या चुन्यासारखा पोपड्यांनी सुटला. पांढरे सगळे निघाले आणि काळे लागले, तिथे मी थांबले. शाईला धक्का लागलेला नाही. साहेबांच्या हुकुमाचा पहिला अर्धा भाग मी पाळला असे लिहावे. नंतर मायर ड्रोबनिक यांचे पान तपकिरी कागदात गुंडाळले, कोट घातला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. कोणी अडवले नाही. नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती.

भुयारी गाडीने फोली चौकातल्या फेडरल कोर्टात गेले. तिथल्या कारकुनाने मायरच्या वकिलांना फोन केला आणि वकिलांनी मायरला बोलावले. तो साडेदहाला आला, कामाच्या कपड्यांत, बोटांना लाल रंग. एकोणीस वर्षांनी पाहिले. मी पटकन ओळखले नाही.

"कॉनी? काय ग, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सकाळी टीव्ही नाही पाहिलास?"

"कामावर कोण टीव्ही लावतं?"

सगळ्या देशाने त्याचे नाव ऐकले होते आणि तो एका बेकरीच्या मोटारीवर 'ताजा पाव' रंगवत होता. मी कागद सोडला. तो बराच वेळ पाहत राहिला. मला वाटले कोपरा पाहतो आहे.

"डावा हात चुकलाय," तो म्हणाला.

"हो."

"अंगठा उलट्या बाजूला काढलाय मी. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही?"

मग त्याला कोपरा दिसला. त्याने बोट जवळ नेले, पण लावले नाही. शेजारी बाक होता, तरी तो खाली फरशीवर बसला. वर न बघता त्याने विचारले, "हे तू केलंस?"

मी म्हणाले, "दोन्ही मीच केलं."

यापुढे आमचे बोलणे झाले नाही. हे डिटेक्टिव्हनी विचारल्यावरून सांगते. त्याला काय वाटले ते मला माहीत नाही. पान कोर्टाच्या कारकुनाच्या ताब्यात असून सकाळी अकरा वाजताची पावती मी येथे दाखवली आहे. ब्लेड आणि सुटलेले रंगाचे पोपडे एका पाकिटात घालून हजर करते.

सप्टेंबरात शपथेवर लिहून दिले ते खरे नाही. पानावर नाव होते आणि ते मी स्वतः झाकले होते. खोट्या शपथेबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, हे डिटेक्टिव्ह हानराहन यांनी मला दोनदा समजावले आणि वकील हवा का असेही विचारले. मला ते पहिल्या वेळीच समजले होते. मला भीती वाटते, हेही लिहावे.

हा जबाब मला शब्दशः वाचून दाखवला. चार ठिकाणी 'कंपनीचे पान' असे टंकले गेले होते, त्यास मी हरकत घेतली. डिटेक्टिव्ह म्हणाले, मालकी कोर्ट ठरवेल. मी म्हणाले, कोर्ट ठरवेल ते ठरवो, जबाब माझा आहे. तेव्हा त्यांनी चूक झाकण्यासाठी टेबलावरची पांढऱ्या रंगाची कुपी उघडली. ती मी बंद करायला लावली. चारही ठिकाणी नुसती एक रेघ मारून वर 'मायर ड्रोबनिक यांचे पान' असे लिहिले आहे, खालचे शब्दही वाचता येतात, आणि प्रत्येक ठिकाणी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून तो बरोबर आहे.

सही: कॉन्चेत्ता मारुल्लो