एक हिंदी शब्द, एक भांडं

विनायक : …तर इटलीत दर काही वर्षांनी ही सर्दीतापाची साथ यायची आणि कारण काही सापडायचं नाही. मग लोक म्हणाले, हा ताऱ्यांचा प्रभाव. म्हणून इन्फ्लुएन्झा. आजाराचं नाव कसलं ते, आकाशावर ढकललेला आळ आहे नुसता.

तनया : बाबा, मी विचारलं होतं की उद्या अकरा वाजता तयार राहाल का.

विनायक : आणि मलेरिया म्हणजे वाईट हवा. डासाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. सगळं बिल हवेच्या नावावर फाडलं.

मीनाक्षी : तू विचारत राहा तनया. मी सकाळपासून ऐकतेय. इटली झाली, आता फ्रान्स येईल.

विनायक : येणारच. फ्रान्सला तर आपण शब्द दिलाय. आपल्याकडे पटकीला मोडशी म्हणायचे. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्या तोंडाला जमेल तसा केला, आणि फ्रेंचांच्या कानापर्यंत जाईस्तोवर त्याचं झालं 'मोर्त द शियां'. म्हणजे कुत्र्याचं मरण. सांग आता, आपल्या कोकणातली साधी मोडशी, आणि…

तनया : यार बाबा, प्लीज.

विनायक : एक भांडं.

तनया : काय?

विनायक : 'यार' म्हणालीस. या घरात एक हिंदी शब्द, एक भांडं. तू बालवाडीतून 'मम्मी, पानी दो' करत आलीस त्या दिवसापासूनचा नियम आहे. लग्न होऊन गुरुग्रामला गेलीस म्हणून माफी नाही.

तनया : घासते मी. ढीगभर घासते. पण उद्याचं सांगा. किती मुश्किलीनं अपॉइंटमेंट मिळालीय, माहितीये?

विनायक : 'मुश्किलीनं' मराठीतही चालतं, सोडतो. हे बघ, त्या जागेचं नाव काय सांगितलंस? मेमरी क्लिनिक. दारावरच पाटी. माणूस आत शिरायच्या आधीच निदान झालेलं.

मीनाक्षी : पाटीला काय करायचंय. डॉक्टर बरे आहेत म्हणतात.

विनायक : मला काही झालेलं नाही मीनाक्षी. थोडा ताप असता तर गोष्ट वेगळी. ताप म्हणजे तापणं, सरळ हिशोब. इथे त्याला बुखार म्हणतात, तो अरबी, त्याचा अर्थ वाफ. आपण तापलो, यांची वाफ झाली. आणि तो आपला 'आजार' शब्द आहे ना, तोसुद्धा मूळचा मराठी नाही. इराणहून आलाय. तिकडे त्याचा अर्थ छळ, जाच.

मीनाक्षी : मग तो मलाच झालाय.

तनया : आई, तू पण चालू होऊ नकोस.

मीनाक्षी : मी गाजरं सोलतेय. हात चालू आहेत, तोंडही चालू. अहो, ऊन सरकलं, खुर्ची इकडे घ्या.

विनायक : किती गाजरं आणलीस ही? लग्नाचा हलवा आहे का?

मीनाक्षी : लेक आठवड्यानं आली की एवढी लागतात. तनया, तुला खरं काय ते सांगू? म्हणजे उद्या डॉक्टरांसमोर दोघी एकच बोलू.

विनायक : माझ्यासमोर?

मीनाक्षी : तुमच्या मागे बोलायची सवय नाही मला. ऐक. गेल्या रविवारी यांना म्हटलं, दुधी किसून द्या. हे ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ते कुठे आहे, ते. मी म्हटलं, काय? तर म्हणे, ते घासायचं. हातानं असं वरखाली करून दाखवलं. शेवटी मीच म्हटलं, किसणी?

तनया : किसणी म्हणजे?

मीनाक्षी : कद्दूकस.

तनया : अच्छा, कद्दूकस. बघ ना, किसणी मलाच माहीत नव्हतं. आई, दिल्लीत राहून सगळ्यांचंच असं होतं.

मीनाक्षी : हेच. हेच आपण वर्षभर म्हणत आलो. यांनी गाळणीला छन्नी म्हटलं, आपण हसलो. पोळपाटाला चकला म्हटलं, आपण टाळ्या वाजवल्या. तूच म्हणालीस, बाबा आता पक्के दिल्लीवाले झाले.

तनया : हो, म्हणाले होते.

मीनाक्षी : एक शब्द, एक भांडं. रोज रात्री सिंकपाशी हेच. आणि मी आत बसून टीव्ही बघायची. वाटायचं, रिटायर झाला नि माणूस सुधारला. मला बरं वाटत होतं गं भांडी होताहेत म्हणून. त्याची लाज वाटते आता.

विनायक : लाज कशाला. भांडी स्वच्छ निघत होती.

मीनाक्षी : पण त्या रविवारी किसणी आली नाही, आणि कद्दूकसही आलं नाही. मराठी शब्द गेला तर त्याच्या जागी हिंदी यायला हवा होता. ती जागाच रिकामी होती.

तनया : बाबा?

विनायक : इंग्रजीत ग्रेटर.

मीनाक्षी : हे आत्ता आलं. तेव्हा आलं होतं?

विनायक : नाही. तेव्हा नाही आलं.

तनया : आणि असं अजून कधी झालंय?

विनायक : तुला मायग्रेनचं सांगितलंय का? आपण अर्धशिशी म्हणतो, अर्धं डोकं. ग्रीक लोक पण अर्धं डोकंच म्हणायचे, त्याचंच पुढे मायग्रेन झालं. इतक्या लांबच्या दोन भाषा आणि दुखतं तिथेच बोट…

तनया : बाबा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. जन्मभर सरकारी आरोग्यपत्रकांचे अनुवाद केलेत, तुम्हाला झोपेतून उठवलं तरी येईल. मी किसणीचं विचारतेय. असं अजून कधी झालं?

विनायक : झाकली मूठ सव्वा लाखाची असते बाळा.

मीनाक्षी : मुठीत काही असेल तर.

विनायक : बरं. गुरुवारी. करोल बागेत गेलो होतो ना, हिच्या मंगळसूत्राची कडी जोडून आणायला. काम झालं. गुडघा बोलायला लागला होता, म्हटलं आज मेट्रो नको, सरळ ऑटोनं घरी. ऑटोवाला थांबला. म्हणाला, अंकल कहाँ जाना है.

तनया : मग?

विनायक : मग काही नाही. मला घर दिसत होतं. ही बाल्कनी दिसत होती, तुझ्या आईची ती लाल फुलांची कुंडी दिसत होती. फरीदाबाद हा शब्द येईना. तो दोनदा विचारून झाला. मागून हॉर्न. त्याला म्हणायचं होतं की थांब जरा, येईल. तेही कसं म्हणायचं कळेना.

मीनाक्षी : अहो, हे मला का नाही सांगितलंत?

विनायक : सांगतोय ना आता. शेवटी तोंडून निघालं 'कस्तुरबा गांधी मार्ग'. जुन्या ऑफिसचा रस्ता. त्यानं तिथे नेऊन सोडलं. पुढचं पायांना ठाऊक होतं. शेंगदाणेवाल्याच्या कोपऱ्यावरून जनपथची मेट्रो, आणि मग आपलं स्टेशन आलं की लोक उतरतात त्यांच्याबरोबर उतरायचं.

तनया : तुम्ही तर फोनवर म्हणालात, ऑफिसातल्या लोकांना भेटून आलो म्हणून उशीर झाला.

विनायक : गेटवरच्या गार्डला नमस्कार केला. एवढं खरं आहे.

तनया : मग उद्या चला ना. आता तर चलाच.

विनायक : नाही.

तनया : क्यों? का?

विनायक : भांडं राहू दे. तनया, मला त्या शब्दाची भीती वाटते. आजाराची नाही म्हणत, शब्दाची. मी आयुष्यभर आजारांना नावं शोधली. लोक किती जपून नाव ठेवतात माहितीये? अंगावर फोड आले तर आपण म्हटलं देवी आल्या. इथे म्हणतात माता निकली. घरात आवाज चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही. रोग्याच्या अंगात देवी बसलीय, तिचा मान ठेवायचा. इटलीवाल्यांनी ताऱ्यांवर ढकललं, कुणी हवेवर. कॅन्सर म्हणजे तर खेकडा. ग्रीकांत खेकडा, अरबीत खेकडा, आपणही कर्करोग म्हणून खेकडाच ठेवला. पण या एका दुखण्याला नाव देताना कुणी देव काढला नाही, खेकडा नाही, काही नाही. सरळ माणसालाच नावं ठेवली. डिमेन्शिया म्हणजे लॅटिनमध्ये बुद्धी गेलेला. हिंदीत सठिया गया. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ.

मीनाक्षी : डॉक्टर असलं काही बोलत नाहीत.

विनायक : डॉक्टर नाही बोलणार. आमचे मारुतीकाका आठवतात तुला? सांगलीचे?

मीनाक्षी : आपल्या लग्नात फेटा बांधून बसलेले.

विनायक : तेच. त्यांना चळ लागलाय असं एकदा घरात ठरलं. त्यानंतर ते काहीही म्हणाले की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. एकदा ते दाढ दुखते दाढ दुखते करत होते. सगळे म्हणाले, लागले पुन्हा. पंधरवडाभर माणूस गालाला हात लावून ओसरीवर बसलेला. मग गाल सुजला तेव्हा कळलं. दाढ खरंच दुखत होती गं. किडलेली होती.

तनया : बाबा…

विनायक : तो शब्द मला लागला की तुम्ही दोघी माझं ऐकायचं बंद कराल. मुद्दाम नाही. प्रेमानंच कराल. मी म्हणेन दाढ दुखते, आणि तुम्ही म्हणाल, हो हो बाबा, झोपा.

(खाली भाजीवाला मटर, मेथी ओरडत जातो.)

मीनाक्षी : मी दाढ बघेन.

विनायक : काय?

मीनाक्षी : तुम्ही दाढ म्हणालात की मी आधी तोंड उघडायला लावेन. बॅटरी घेऊन बघेन. मग ठरवेन चळ की कीड. इतकी वर्षं तुमची इटली ऐकली, दाढ ऐकणार नाही?

तनया : आणि जपानचं तुम्हीच सांगितलं होतंत मला. तिकडे पण या आजाराचा जुना शब्द असाच होता ना, मूर्ख वगैरे?

विनायक : हो. सरकारनं लोकांना विचारून बदलला. नव्यात बुद्धी काढलेली नाही कुणाची. आकलनाचा आजार, असा काहीसा अर्थ होतो.

तनया : मग तुम्ही म्हणाला होतात की शब्द बदलल्यावर लोक डॉक्टरकडे जायला कमी लाजायला लागले. म्हणाला होतात ना? मी बारावीला होते, याच बाल्कनीत.

विनायक : तुझी मेमरी चांगली आहे.

तनया : तुमचीच आहे. बाबा, मी नेटवर वाचलंय, शब्द अडकायला दहा कारणं असतात. थायरॉइड असतं, बी ट्वेल्व्ह असतं. काही तर गोळीनं बिल्कुल बरं होतं. आणि तसलं काही नसेल, तर नसेल. तेव्हाही आत्ता कळलेलं बरं. मला तुम्ही एखाद्या ऑटोत हरवायला नकोयत. झोप येत नाही मला गुरुवारचं ऐकून… म्हणजे आजपासून येणार नाही.

विनायक : रडू नकोस. डॉक्टरांशी बोलायचं कोणत्या भाषेत?

तनया : तुम्हाला येईल त्या. मी असेन शेजारी.

विनायक : आणि मी काय सांगायचं त्यांना? स्मृतिभ्रंश म्हणून सांगू? तो शब्द मीच छापून आणलाय हिंदी पत्रकात, फार भारदस्त वाटला होता.

मीनाक्षी : नाव तुम्ही सांगायचंच नाही. नाव त्यांना ठेवू दे. तुम्ही नुसतं गुरुवारचं सांगा. जसं आम्हाला सांगितलंत तसं. घर दिसत होतं आणि नाव येत नव्हतं. इटली नाही, इराण नाही.

विनायक : एकपण देश नाही?

मीनाक्षी : परत येताना. ऑटोत. मी ऐकेन.

विनायक : बरं. पण मग घरातला नियमही बदलायला हवा. असं कसं चालेल, मी रोज भांडी घासत राहीन.

तनया : चलो, बदलू. शब्द आठवला नाही तर भांडं नाही. हिंदी आला तरी नाही.

मीनाक्षी : पण आठवत नसताना 'ते, ते' करून पुढे पळालात, नाहीतर मध्येच ग्रीसला गेलात, तर भांडं. आणि कुकरसकट.

विनायक : मग करायचं काय?

मीनाक्षी : विचारायचं. त्याला काय म्हणतात, म्हणून.

विनायक : तुझ्यासमोर ठीक आहे. लेकीसमोर लाज वाटते. तिला बोलायला मी शिकवलं.

तनया : मी काय कमी विचारलंय तुम्हाला? प्रत्येक गोष्टीला 'बाबा, हे काय, बाबा, हे काय'. तुम्ही कधी हसलात का मला?

विनायक : तू मोराला कोंबडी म्हणायचीस. त्याला हसलो होतो.

तनया : मग मीही एखाद्याला हसेन. हिशोब बरोबर.

मीनाक्षी : झाली गाजरं सोलून. उठा आता, ऊन आहे तोवर किसून टाकू. अकराला निघायचं तर उद्या सकाळी वेळ नाही व्हायचा.

विनायक : मी आणतो आतून. ओट्याच्या वरच्या कप्प्यात असते ना ती… ती आपली… भोकांची, उभी…

मीनाक्षी : काय?

विनायक : काही नाही. थांब. तनया, त्याला काय म्हणतात?

तनया : किसणी, बाबा. मलाही आजच आलाय तो शब्द.

विनायक : किसणी. आणतो.

मीनाक्षी : दोघं मिळून आणा. आज भांडी मी घासते.