म्हातारी राणी

चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या शिंप्याला शेजारच्या बाकावरच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकू येत होतं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे सासूने डोळे मिटले होते.

"आई, आपण बघायचो ती, मध्येच बंद पडलेली जपानी ॲनिमे मालिका आता मीच पुढे लिहितेय. म्हातारी राणी मरते."

"का गं? आजारी होती?"

"नाही. सुनेच्या प्रत्येक कामात नाक खुपसते."

"म्हणून मारतेस? वेगळा महाल दे."

"राजपुत्र तयार होत नाही."

"मग त्यालाच मार की."

शिंप्याने हसू कसंबसं गिळलं.

"नायक आहे तो, आई."

"इतक्या भागांत दोघींच्या भांडणात एकदा तरी तोंड उघडलं का त्याने?"

"नाही."

तेवढ्यात गाडी लावून सासूचा मुलगा आला आणि कानात इअरफोन घालून दोघींच्या मधोमध बसला.

"कोण बसलं गं?"

"कोणी नाही, आई."