संभाजीनगरचा नान-खलिया

गेवराई स्टँडवर उमापूरच्या गाडीची वाट बघत माझ्या शेजारी एक म्हातारा-म्हातारी बसली होती. त्यांचा मुलगा पाणी आणायला गेला होता.

"पोरानं लई हौसेनं मटणाचा नान-खलिया खायला नेलं, अन् तुमी नुसता नान कुस्करत बसले."

"भूक नव्हती, जीवनची माय."

"सकाळपासून पोटात काय हाय तुमच्या?"

"त्यानं रस्सा पुढं सरकवला अन् मला आपली मेंढरं दिसली."

"विकली ते बरंच झालं. तुमचे गुडघे चालंनात. कोण राखणार होतं?"

"मी कुठं न्हाई म्हणलो? पण टेम्पोत चढंनातच ती. यापाऱ्यानं मारलं, तरी न्हाई. मग मी हाक मारली, तशी एकामागं एक चढली."

"हे मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करणार होतीस?"

"जीवनला तरी सांगा."

"नको. मला बरं वाटावं म्हणूनच नेलतं त्यानं."

मुलगा बाटली घेऊन आला.

"आबा, खलिया आवडला न्हवं?"

"आवडला की."

"मग दिवाळीत परत जाऊ."

"जाऊ."