डावं पान कोरं

नाही, नाही, हात खाली सोडा साहेब – असे ताठ नका राहू, रोज जसे उभे राहता तसेच राहा, नाहीतर कोट आज नीट बसेल आणि तुमच्या निरोप समारंभात पाठीवर चढेल – हां, असं. बोलायला काही हरकत नाही म्हणा, पण तुम्ही बोललात की खांदा हलतो, म्हणून मीच बोलतो. तर विचारलंत म्हणून सांगतो, त्या मशीनवरच्या वहीचं. हिशेबाची नाही ती. आमच्या मुलीची आहे. दहा महिन्यांची आहे आता, घरात बटण म्हणतो आम्ही तिला – आई बटणांच्या कारखान्यात, बाप शिंपी, मग दुसरं काय म्हणणार? आईचं काम काय, तर तपासनीस. पट्ट्यावरून बटणं जातात, शंभरातलं एक भोक वाकडं असलं तरी हिचा हात पडलाच त्याच्यावर. नऊ वर्षं झाली, एक खोटं बटण तिच्या नजरेतून सुटलेलं नाही. हे लक्षात ठेवा साहेब, म्हणजे पुढचं कळेल.

बटण पाच महिन्यांची असताना तिला झटके यायला लागले. झटके म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतात तसे नव्हेत हो – तोंडाला फेस, हातपाय ताठ, तसलं काही नाही. झोपेतून उठली की मान खाली जायची आणि दोन्ही हात असे वर – एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. नमस्कार केल्यासारखं. आणि आम्ही काय करत होतो? हसत होतो. पंधरा दिवस हसत होतो. ‘बघ, बघ, बाबांना नमस्कार करतेय’ – हे मीच म्हणायचो. आल्यागेल्याला बोलावून दाखवायचो. मग लसीच्या वेळी नर्सबाईंनी पाहिलं, त्यांचा चेहराच उतरला, आणि तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. डोक्याला तारा लावून आलेख काढला, डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, आणि सांगितलं – वही ठेवा. किती वाजता आले, किती आले, सगळं लिहा. हात जरा वर करा, काखेत घट्ट होतंय का? नाही ना? बरं.

आता बायकोचं म्हणणं, नुसतं वाईटच लिहायचं का लेकराचं? म्हणून आम्ही डाव्या पानावर झटके लिहायचो आणि उजव्या पानावर तिनं काय नवीन केलं ते. हसली, कुशीवर वळली, पायाचा अंगठा तोंडात घातला, असलं. डावं पान बहुतेक तिच्या अक्षरात, कारण बटण उठते सकाळी आणि सकाळी घरी ती असते. एक वाजता ती बटणला इथं दुकानात आणून द्यायची – हे एवढं पाळण्याचं लोखंड दिसतंय ना, मशीनच्या बाजूला, तिथं – आणि मला सगळं सांगून पाळीला जायची. रात्री आली की चप्पल काढायच्या आधी विचारणार, ‘आज काय नवीन?’ उजवं पान माझं. असा आमचा संसार, साहेब. एकमेकांची तोंडं रविवारी दिसायची, बाकी सहा दिवस वहीतूनच. पण खरं सांगतो, त्या दिवसांत जितकं जमलं तितकं पुढेमागे कधी जमलं नाही आमचं. मी रडलो की ती घट्ट, ती रडली की मी घट्ट. दोघांनी एकदम रडायचं नाही, असा नियमच होता. पाळला आम्ही तो.

बाई म्हणाल्या होत्या, आठ आठवडे झटका नाही आला तर औषध उतरवायला लागू. आणि ते औषध म्हणजे – पोर नुसती सुस्त. डोळे उघडे, पण घरात कोणी नाही असे. गाल सुजलेले. त्यामुळे आमचे दोघांचेही डोळे त्या आठ आठवड्यांवर. एक आठवडा कोरा, दोन कोरे, चार कोरे – रोज दुपारी बटण माझ्या हातात आली की मी आधी डावं पान बघायचो, कोरं दिसलं की जिवात जीव यायचा. आठ झाले. बाईंनी औषध कमी केलं. आणि पोर काय उजळली म्हणून सांगू! माझ्याकडे बघायला लागली. नुसतं तोंड फिरवायची नाही हो, बघायची – मी कात्री घेतली की कात्रीकडे, खडू घेतला की खडूकडे. मी त्या कोऱ्या आठवड्यांतच काज करता करता गुणगुणायला लागलो होतो म्हणे. मला आठवत नाही. बायको म्हणते.

वळा जरा. पाठ माझ्याकडे.

मंगळवार होता. चौदा दिवस झाले आज. दुपारचे चार, बटण झोपेतून उठली, आणि मान खाली, हात वर. मी हातातलं काम टाकलं. एक, दोन, तीन – बावीस मोजले साहेब. बावीस. मधे मधे ती माझ्याकडे बघत होती, मीच काहीतरी करतोय तिला अशी. आणि मला वाटलं, मीच केलंय. कारण त्या दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं, पॅन्टची उंची कमी करायला, घाईत होतं, आणि त्याच्या नादात बटणचं औषध अर्धा तास उशिरा दिलं मी. अर्धा तास! बायको रात्री आली तर मी इथंच जमिनीवर बसलेलो. म्हटलं, मी घालवलं सगळं, आठ आठवड्यांचं मातेरं केलं मी. तिनं काय केलं असेल? माझं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवत म्हणाली, ‘तुमची काही चूक नाही हो. अर्ध्या तासानं असं होत नाही.’ तीन दिवस म्हणत होती. मी जेवत नव्हतो तर घास भरवत होती मला. मला वाटायचं, केवढ्या मनाची बाई, एका शब्दानं दोष देत नाही. अहो, देईल कशी? तिला ठाऊक होतं!

कसं कळलं म्हणता? घराच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून. ब्लाउजला अस्तर लावायला आल्या, बटणची चौकशी केली, आणि सहज म्हणाल्या – ‘तुझी बायको धीराची हो. गेल्या महिन्यात सकाळी पोरीला झटके आले तेव्हा मीच होते शेजारी, पण ती शांतपणे घड्याळ बघत बसली.’ गेल्या महिन्यात. गेल्या महिन्यात डावं पान कोरं होतं, साहेब. कोरं! घड्याळ बघितलं, मोजले, आणि लिहिले नाहीत. माझ्या हातात पोर दिली, म्हणाली ‘छान झोपली होती’, आणि गेली कामावर. तिथं जाऊन आठ तास वाकडी बटणं वेचली तिनं! विश्वासानं मान दिली आणि केसानं गळा कापला, दुसरा शब्द नाही त्याला. परक्यानं केलं असतं तर मी समजलो असतो. कुंपणानंच शेत खाल्लं, मग दाद कोणाकडे मागायची?

विचारलं की. त्याच रात्री विचारलं. नाकबूल नाही झाली, तेवढं आहे. म्हणाली, त्या आठ आठवड्यांत तीनदा आले, तिन्ही सकाळी, थोडे थोडे. तारखा पाठ तिला. मी म्हटलं, का? तर म्हणे – ‘त्या दिवशी बटणला द्यायला दुकानात आले तर तुम्ही गुणगुणत होतात. कित्येक दिवसांनी. तोंड उघडलं होतं मी सांगायला, पण नाही निघालं. मग दुसऱ्यांदा सांगायचं तर पहिलंही सांगावं लागलं असतं.’ हे कारण! माझ्या गाण्यासाठी पोरीचं औषध उतरवलं! आणि वर म्हणते, ‘तुम्हीच म्हणाला होतात, आता एक जरी आला तर मला सांगू नकोस, मी नाही उभा राहायचो.’

म्हणालो असेन. आता माणूस काय काय बोलतो, साहेब, तसल्या दिवसांत. एकदा म्हणालो असेन. दोनदा. म्हणून काय धरून चालायचं असतं का ते?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायकोनं स्वतः सांगितलं सगळं. उभी राहून सांगितलं, खुर्ची असून बसली नाही. मी हाताची घडी घालून बाजूला. एका शब्दानं मदत केली नाही मी तिला, आणि का करावी? बाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, ‘मला तुमच्या घरातलं दिसत नाही हो. मला ही वही दिसते, आणि तिच्यावर मी औषध देते.’ बस्स. बायको मान खाली घालून रडायला लागली आणि मला – खोटं कशाला सांगू – मला बरं वाटलं. अकरा दिवस बोललो नाही तिच्याशी. बटण हातात घ्यायची, द्यायची, मुकाट. ती सकाळी डबा भरून ठेवते माझा, मी तिच्यादेखत बाजूला सारतो. एवढा हक्क आहे की नाही मला?

मग? मग काय. मग त्या दिवशी तिथंच बाईंनी पान उलटलं. म्हणजे उजवं वाचलं. आठ महिन्यांची, आपणहून पालथी पडली. साडेआठ, टाळ्या वाजवल्या. नऊ, हात हलवून टाटा केला. बाई वाचत गेल्या, वाचत गेल्या, आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘हे जर असं असेल तर झटके आले तरी मेंदूची वाढ थांबलेली नाही. मग मोठं इंजेक्शन लगेच नको, त्याचा त्रास फार आहे, जुनंच औषध वाढवून दहा दिवस बघू.’ आणि माझ्याकडे वळल्या. ‘हे पान तरी खरं आहे ना?’

कॉलर – थांबा, कॉलर बघतो.

मी मान हलवली. हो म्हणून. बायको शेजारी रडतेय, ती आत्ताच खोटी ठरलीय, आणि मी – अहो, पूर्ण खोटं नाही ते! पालथी पडली होती ती. मी कमरेला नुसतं बोट लावलं होतं, एक बोट, उरलेली ती स्वतः वळली. टाळ्या म्हणजे – मी हात धरले तिचे आणि वाजवल्या, पण तिला आवडलं, हसली ना ती! टाटाही तसाच. तुम्हाला नाही कळायचं. बायको रात्री आठ तास उभी राहून यायची, चप्पल पायात, दारातच विचारायची, ‘आज काय नवीन?’ आणि तोंड असं करायची की – रोज रोज ‘काही नाही’ कसं म्हणणार माणूस? सहा दिवस म्हटलं मी. सातव्या दिवशी म्हटलं, टाळ्या वाजवल्या. तर ही इथं, या उंबऱ्यात, बटणला घेऊन नाचली. मग वहीत लिहायलाच लागलं. पण माझं वेगळं होतं, साहेब. मी आनंदाचं लिहिलं. तिनं आजार लपवला. त्यात फरक आहे.

आहे ना फरक?

असे काय बघताय? आरशातून बघताय माझ्याकडे, कळतंय मला. नाही सांगितलं. कोणालाच नाही सांगितलं. तुम्हाला तरी का सांगतोय कोण जाणे, गिऱ्हाईक तुम्ही, कोट नेलात की संपलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हेच म्हणाल तुम्ही, म्हणा. पण सांगू कसं आता? अकरा दिवस ज्या तोऱ्यात मी घरात वावरतोय तो उतरवायचा कसा? आज चारला बाईंनी बोलावलंय. आलेख काढायला बायको बटणला घेऊन दुपारीच गेलीय, इथं येऊन मला घेऊन जाणार. बाई आलेख बघणार, वही बघणार, आणि ठरवणार – इंजेक्शन की आणखी थांबायचं. आणखी थांबायचं ते माझ्या त्या टाळ्यांवर.

आल्या मायलेकी. त्या पलीकडच्या कोपऱ्यावर, निळी पिशवी, ती. सुट्टी घेतलीय आज तिनं. बघा, काचेतून मी दिसलो तर बटणचा हात वर केला. अकरा दिवस मी बोललो नाही तिच्याशी, आणि ती पोरीचा हात वर करून – टाटा करतेय म्हणे, बाबांना. नाही हो. नीट बघा. मनगट धरलंय तिनं. आई हलवतेय. सोडला की खाली पडतोय हात.

कोट काढा, साहेब. टाचण्या तशाच राहू द्या, मी काढतो. समारंभाच्या आदल्या दिवशी मिळेल, शब्द देतो. नाही, आता काही विचारू नका, तुमचं ऐकून घ्यायची ही वेळ नाही – ती त्या पायरीपर्यंत पोचायच्या आत निघा तुम्ही. मागच्या दारानं जा.