मुखवट्याच्या पुढचं पान

हसणार असाल तर चहा मिळणार नाही. मी मास्तरीण, वर्गात पोरांची कॉमिक्स जप्त करणारी! एकदा जरीपटक्याच्या बाजारात बोंडेवाल्या शामरावनं कॉमिक्सच्या फाटक्या पानात आलूबोंडा बांधून दिला. पानावर दुष्ट माणूस उडणाऱ्या वीराचा मुखवटा ओढत होता, आणि पान तिथंच संपलं! विचारायची लाज वाटली. पण चेहरा पाहिल्याशिवाय सोडायचं नाही, हे ठरलं. पुढचं पान येईल म्हणून रोज बोंडा. बाराव्या दिवशी पोटानं हात टेकले.

"शामराव, मुखवट्याच्या पुढचं पान आहे का?"

शामराव कढई सोडून उठला. "पुढचं माह्याजवळ हाय, बाई. मुखवट्यावालं तुमी नेलं काय? साऱ्या गिऱ्हाइकांले पुसून राहिलो मी! तुमालेच पुसलं नाही. म्हटलं, मास्तरीणबाई असलं काही वाचत नसतीन."