सगळ्यात वरचं नाव

पुरवणी जबाब

नाव : सौ. निकिता महेश पिंगळे, वय ३१ वर्षे, व्यवसाय नोकरी (स्टोअर इन्चार्ज), राहणार सिडको, नाशिक.

मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूसह राहते. अंबड येथे सोमनाथ कापडणीस यांच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनतात, तेथे मी नोकरीस आहे. तेथील कामगार भागीबाई मंगळू गावित यांनी ड्रिल व कटिंग टूल चोरल्याची तक्रार गेल्या महिन्यात याच पोलीस ठाण्यात मीच दिली होती. त्याबाबत खरी हकीकत पुढीलप्रमाणे आहे.

स्टोअरमधून कोण कोणते टूल नेतो, याचे अ‍ॅप मी बनवले. ते लो-कोड प्रकारचे आहे. त्यात प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, तयार चौकोन स्क्रीनवर ओढून जोडले की काम होते. मी कॉमर्स शिकलेली असून हे व्हिडिओ पाहून शिकले. टूल नेताना टॅबवर आपले नाव निवडायचे व सेव्ह करायचे. टूल परत आले नाही तर त्या नावावर 'गहाळ' असे पडून मालकांना आपोआप मेसेज जात असे. कापडणीस सरांनी माझ्यासाठी सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या. तो फोटो मी स्टेटसला ठेवला होता.

भागीबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या. त्या साफसफाई करीत व टूल मशीनपर्यंत पोहोचवीत, म्हणून त्यांचे नाव अ‍ॅपमध्ये होते. स्टॉक तपासला तेव्हा बरीच टूल कमी आली, व जवळजवळ सर्व त्यांच्या नावावर निघाली. सर म्हणाले, "निकिता, नक्की ना? बाई साधी वाटते." मी म्हणाले, "सर, सिस्टिम कोणाचं तोंड बघत नाही."

भागीबाईंना सर्वांसमोर विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी त्याचं काय करू? माझ्या घरी मशीन हाय का?" त्यावर काही कामगार हसले. मीही हसले.

पोलिसांनी त्यांच्या चुंचाळे येथील घराची झडती घेतली, तेव्हा माल ओळखण्यासाठी मी सोबत होते. गल्लीतले लोक दारात उभे होते. त्यांची मुलगी सविता हिच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या पेटीतून एकेक काढून झटकून पाहिल्या. काही मिळाले नाही. सरांनी भागीबाईंना कामावरून काढले.

त्यानंतर मी त्यांचे नाव अ‍ॅपमधून काढून टाकले. लगेच गहाळ टूल ऑपरेटर गोटीराम यांच्या नावावर पडू लागली. गोटीराम तेव्हा कामावरच नव्हते, द्राक्षबागेच्या छाटणीसाठी दिंडोरीला गावी गेले होते. मी टॅबजवळ उभी राहून पाहिले. कामगारांचे हात ऑइलचे असतात, ते नाव न निवडताच सेव्ह दाबतात. तसे केल्यास अ‍ॅप सगळ्यात वरचे नाव घेत असे. नावे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागलेली होती. आधी वर भागीबाई होत्या, आता गोटीराम आले. नाव निवडल्याशिवाय सेव्ह होऊ नये, अशी सोय त्यात आहे. त्यासाठी एक खूण करायची असते, ती मी केली नव्हती. कमी आलेली टूल झिजली म्हणून कामगारांनीच भंगाराच्या पिंपात टाकली होती, तेथे ती सापडली. कोणीही चोरी केलेली नाही.

हे कळल्यावर मी ती खूण केली, गोटीराम यांच्या नावावरच्या नोंदी पुसल्या व गप्प राहिले. पतींनाही सांगितले नाही. पुढे नवीन लागलेल्या बाईंनी मला विचारले, "आधीची चोर होती ना?" मी हो म्हणाले. त्या दिवशी मला डबा गेला नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "आता दुसरी बाई लागलीय. कशाला उकरून काढतेस?"

काल मी भागीबाईंच्या घरी गेले. त्यांना अद्याप कोठे काम मिळालेले नाही. मी दारातच हळू आवाजात माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चोर म्हणली तवा सगळी गल्ली उभी व्हती. आता माझ्या कानात सांगती का?"

मी गल्लीतल्या नळाजवळ गेले. तेथे बायका पाणी भरत होत्या. भागीबाईंनी काही घेतले नाही, चूक माझी होती, असे मी सांगितले. भागीबाई दारातून म्हणाल्या, "मोठ्यानं बोल. पलीकडल्यांना ऐकू नाय गेलं." मी पुन्हा सांगितले. त्यांच्यामागे उभी असलेली सविता खाली बघत होती. मग भागीबाई आत गेल्या व त्यांनी दार लावून घेतले.

आधीची तक्रार माझ्या चुकीमुळे दिली गेली. माझी भागीबाई गावित यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात तक्रार 'गैरसमजातून' दिली असे त्यांनी लिहिले होते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून 'माझ्या चुकीमुळे' असे लिहिले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.